ड्रायव्हर नसलेली गाडी आणि भूमितीतली सिद्धता

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या पंपाच्या कंट्रोलरचं काम माझ्याकडे आलं होतं. पंप ठीक, सेन्सर ठीक, वायरिंग ठीक, आणि तरी साधारण पन्नास दिवसांतून एकदा कंट्रोलर 'सेन्सर मेला' असं ठरवून पंप बंद करायचा. रीसेट केला की पुढचे पन्नास दिवस एकदम शहाण्यासारखा चालणार. आम्ही सेन्सर बदलला, केबल बदलली, अर्थिंग तपासलं, काही उपयोग नाही. शेवटी कारण सापडलं ते कोडमध्ये. कंट्रोलर चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते ३२ बिटांच्या (म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा ३२ जागांच्या) एका आकड्यात मोजलं जात होतं, आणि ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ एवढाच आकडा मावतो, त्याच्या पुढे गेला की जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या मीटरसारखा परत शून्यावर येतो. एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस १७ तास आणि वर दोन-तीन मिनिटं. आमची टेस्ट चालली होती दोन आठवडे.

कोणाला काही झालं नाही, फक्त पंप बंद पडायचा. पण असा आकडा दुसरीकडे कुठे असला तर? २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने बोइंग ७८७ बद्दल एक सूचना काढली होती: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर सगळे जनरेटर कंट्रोल युनिट एकाच वेळी बंद पडू शकतात, म्हणून त्याआधी वीज पूर्ण बंद करून परत चालू करा. २४८ दिवसांचे सेकंदाचे शंभरावे भाग मोजले की ३२ बिटांच्या, अधिक-उणे चिन्ह असलेल्या आकड्याची मर्यादा येते. म्हणजे जात तीच.

ते वाचल्यापासून मी या विषयाच्या मागे लागलो. ज्या सॉफ्टवेअरवर माणसाचा जीव अवलंबून आहे, म्हणजे रेल्वेचं सिग्नलिंग, विमानाचं कंट्रोल, अणुभट्टी, रेडिएशनचं मशीन, ते बरोबर आहे हे आपल्याला कळतं कसं? बहुतेकांचं उत्तर असतं, भरपूर टेस्टिंग करून. टेस्टिंग हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण एकदा हिशोब करून बघा. एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका छोट्या तुकड्याला, ६४ बिटांचा फक्त एक आकडा इनपुट आहे असं धरू. सेकंदाला १०० कोटी टेस्ट चालवल्या तरी सगळे आकडे तपासून व्हायला ५८० वर्षांच्या वर लागतील. आणि हे एका आकड्याचं झालं, खऱ्या सिस्टिममध्ये असे शेकडो आकडे असतात आणि वरून कुठली गोष्ट आधी घडली कुठली नंतर याच्या जोड्या वेगळ्याच. डाइक्स्ट्रा नावाचे डच संगणकशास्त्रज्ञ हे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी सांगून गेले, टेस्ट करून बग, म्हणजे चूक, आहे एवढं दाखवता येतं, बग नाही हे दाखवता येत नाही.

मग करायचं काय? उत्तर आपण सगळे शाळेत शिकलोय, फक्त त्याचा इथे संबंध असेल असं वाटत नाही. नववी-दहावीची भूमिती आठवा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते हे आपण दहा हजार त्रिकोण काढून कोनमापकाने मोजून ठरवलं नाही. वहीत आधी 'पक्ष' लिहिला, म्हणजे काय दिलेलं आहे. मग 'साध्य', म्हणजे काय दाखवायचं आहे. मग 'सिद्धता', एकेक पायरी आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. एकदा ती जमली की जगातले सगळे त्रिकोण आले त्यात, काढलेले, न काढलेले. फॉर्मल मेथड्स म्हणजे हेच, प्रोग्रॅमच्या बाबतीत करायचं. पक्ष आणि साध्य गणिताच्या भाषेत लिहायचं आणि सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घ्यायची, कारण माणूस कंटाळतो आणि 'हे तर उघडच आहे' म्हणून पायरी गाळतो.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते दाखवतो. मेट्रोचं दार घेऊ. गाडीत ड्रायव्हर नाही, सगळं सॉफ्टवेअर. आपलं साध्य एका वाक्यात: दार उघडं असेल तर गाडी थांबलेलीच असली पाहिजे. हे वाक्य कायम खरं राहिलं पाहिजे, एका क्षणापुरतंही खोटं होता कामा नये. अशा वाक्याला या लोकांच्या भाषेत इनव्हेरियंट म्हणतात. आता सिस्टिममध्ये घडणाऱ्या घटना लिहायच्या. 'दार उघड' ही घटना कधी होऊ शकते? गाडी थांबलेली असेल तेव्हाच. 'गाडी सोड' कधी? दार बंद असेल तेव्हाच. मग प्रत्येक घटनेसाठी एकच प्रश्न विचारायचा: घटनेच्या आधी आपलं वाक्य खरं होतं असं धरलं आणि घटनेची अट पूर्ण झालेली असेल, तर घटनेनंतर वाक्य खरं राहतं का? सुरुवातीला खरं, आणि प्रत्येक घटना खरेपणा सांभाळते, म्हणजे कितीही घटना कुठल्याही क्रमाने घडल्या तरी वाक्य खरंच राहणार. गणितातलं इंडक्शन आहे हे, ज्यांनी अकरावी-बारावीला केलंय त्यांना आठवेल.

हे फारच सोपं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. पण आता खऱ्या दाराकडे या. सॉफ्टवेअर दार बंद करत नाही, दार बंद करायचा हुकूम देतं. हुकूम आणि दार प्रत्यक्ष बंद होणं यात दोन-तीन सेकंद जातात, आणि कोणाची बॅग अडकली तर दार बंद होतच नाही. प्रोग्रॅमरने 'गाडी सोड' ची अट लिहिताना 'बंद करायचा हुकूम दिला आहे' अशी लिहिली तर टेस्टमध्ये ते शंभरातून शंभर वेळा चालेल, कारण टेस्टच्या दाराला बॅग नसते. प्रूव्हर, म्हणजे सिद्धता तपासणारा प्रोग्रॅम, मात्र तिथेच अडतो. तो म्हणतो, हुकूम दिलेला आहे आणि दार उघडं आहे ही अवस्था तुझ्या पक्षात कुठे नाकारलेली नाही, या अवस्थेतून गाडी सुटली तर साध्य मोडतं, मी पुढे जात नाही. त्याला बॅग माहीत नाही, प्रवासी माहीत नाही, त्याला फक्त एवढं दिसतं की दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तू त्या एक धरल्यास. मग अट बदलावी लागते: 'दार बंद असल्याचं सेन्सरने सांगितलं आहे'. आणि लगेच नवा प्रश्न, सेन्सरवर विश्वास का? सेन्सरची वायर तुटली तर तो 'बंद' सांगेल की 'उघडं'? म्हणून वायर तुटल्यावर आपोआप 'उघडं' असंच कळेल अशी वायरिंग करायची, आणि ते पक्षात लिहायचं. एका दारापायी केवढं बोलावं लागतं बघा. पण हे बोलणं कोड लिहायच्या आधी होतं, अपघाताच्या चौकशीत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचा अर्धा फायदा इथेच पदरात पडतो.

हे दार मी उगाच निवडलं नाही. पॅरिसची मेट्रो लाइन १४ ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाली, त्या शहरातली पहिली पूर्ण विनाड्रायव्हर लाइन. प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेची दारं, गाडीत पुढे ड्रायव्हरची केबिनच नाही, लहान मुलं अगदी पुढच्या काचेला नाक लावून बोगदा बघतात. तिथे गाड्यांमधलं अंतर, वेग, ब्रेक, दारं, यातला सुरक्षेचा भाग सांभाळणारं सॉफ्टवेअर मात्रा नावाच्या कंपनीने 'बी मेथड' वापरून बनवलं. ही पद्धत झाँ-रेमों आब्रियाल या फ्रेंच संशोधकाची.

त्याच्याही मागे एक गोष्ट आहे. पॅरिसच्या आरइआर ए या उपनगरी रेल्वेच्या लाइनवर सत्तर-ऐंशीच्या दशकात इतकी गर्दी झाली की दोन गाड्यांमधलं अंतर अडीच मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणायचं ठरलं. मुंबईकराला सांगायला नको, गर्दीच्या वेळी अर्धा मिनिट म्हणजे काय असतं ते. बाजूला नवा बोगदा खणण्यापेक्षा हे स्वस्त, पण गाड्या जवळ आणायच्या तर वेगावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लागणार, आणि त्यात चूक झाली तर गाडीवर गाडी. ती सिस्टिम १९८९ मध्ये सुरू झाली. तिचा कोड आधी लिहिला होता आणि सिद्धता मागाहून जोडायचा प्रयत्न झाला. मागाहून सिद्ध करणं म्हणजे बांधलेल्या इमारतीच्या पायात नंतर सळया घालण्यासारखं, होतं पण जीव जातो. त्यातून शिकून लाइन १४ ला उलटं केलं. आधी गणितातलं वर्णन, एकदम ढोबळ: 'एका ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळांच्या एका ठरावीक तुकड्यात, एका वेळी एकच गाडी' एवढंच. मग त्यात थोडा तपशील घालायचा आणि सिद्ध करायचं की नवं वर्णन जुन्याशी इमान राखून आहे. मग अजून तपशील, परत सिद्धता. असं उतरत उतरत शेवटचं वर्णन इतकं बारीक होतं की त्यातून कोड मशीनच काढून देतं, माणूस हाताने लिहीतच नाही.

आकडे ऐका. सुमारे १,१५,००० ओळी बी भाषेत लिहिल्या, त्यातून अडा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला सुमारे ८६,००० ओळींचा कोड निघाला, आणि वाटेत सुमारे २७,८०० छोटी छोटी प्रमेयं सिद्ध करावी लागली. त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त प्रूव्हरने आपली आपण सोडवली, उरलेली दोन हजारांवर प्रमेयं माणसांनी बसून, प्रूव्हरला एकेक पायरी सुचवत पूर्ण केली. या भागाचं युनिट टेस्टिंग, म्हणजे प्रत्येक तुकडा सुटा तपासणं, त्यांनी केलंच नाही, सिद्धता आहे म्हणून काढून टाकलं. नंतर पूर्ण सिस्टिमच्या टेस्ट झाल्या, प्रत्यक्ष रुळांवर गाड्या चालवून झाल्या, त्यात या सिद्ध केलेल्या भागात एकही बग सापडला नाही, आणि लाइन सुरू होऊन कित्येक वर्षं झाली तरी त्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन १.० च होतं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, व्हर्जन १.० वर्षानुवर्षं तसंच चालतं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही, दोन-तीन ठिकाणी शोधून खात्री केली.

आणि हार्डवेअरचं काय, प्रोसेसरनेच चुकीची बेरीज केली तर? तिथे सिद्धता कामाची नाही, कारण 'प्रोसेसर बरोबर बेरीज करतो' हा पक्ष आहे. म्हणून त्यांनी प्रत्येक आकड्याबरोबर एक तपासणीचा कोड फिरवणारा खास प्रकारचा प्रोसेसर वापरला, बेरजेत गडबड झाली की कोड जुळत नाही आणि गाडी थांबते. म्हणजे पक्षातलं प्रत्येक वाक्य कोणीतरी, कुठल्यातरी मार्गाने सांभाळायचं.

पक्षाचं एवढं का लावून धरतोय ते आता सांगतो, कारण मोठे अपघात बघितले की सिद्धतेपेक्षा पक्ष आणि साध्य इथेच लोक घसरलेले दिसतात.

४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कौरू. युरोपचं नवं रॉकेट आरियान ५ पहिल्यांदा उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत वाकडं होऊन फुटलं. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आरियान ४ वरून जसंच्या तसं आणलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत बसवायची ओळ होती. १६ बिटांत ३२,७६७ च्या पुढे मावत नाही. हे प्रोग्रॅमरना माहीत नव्हतं असं नाही, त्यांनी असे सात आकडे शोधले होते, चारांना कवच घातलं आणि तिघांना मुद्दाम सोडलं, कारण प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवायचा होता आणि आरियान ४ च्या मार्गावर हे तीन आकडे तेवढे मोठे होऊच शकत नव्हते. हिशोब बरोबर होता! आरियान ४ साठी. आरियान ५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा, आडवा वेग खूप जास्त, आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यात तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे ती आधीच त्याच कारणाने बंद पडलेली. आणि सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे तो हिशोब उड्डाणानंतर आरियान ५ ला लागतच नव्हता, जुन्या रॉकेटची गरज म्हणून तो पुढे काही सेकंद चालू राहायचा. म्हणजे सिद्धता होती, साध्य होतं, आणि पक्ष? तो लोकांच्या डोक्यात होता, कोडच्या शेजारी कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून नवीन रॉकेटवर कोड आणताना 'हा पक्ष इथे खरा आहे का' असं विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

साध्य चुकलं तर काय होतं त्याचं उदाहरण १४ सप्टेंबर १९९३, वॉर्सा. लुफ्तान्साचं ए३२० धो धो पावसात उतरलं. विमान हवेत असताना पंखांवरचे ब्रेक किंवा इंजिनाची उलटी ताकद चुकूनही चालू होऊ नये, हा नियम अगदी योग्य. म्हणून सॉफ्टवेअर आधी विचारायचं, विमान जमिनीवर आहे का? जमिनीवर म्हणजे काय? पंखांवरच्या ब्रेकसाठी लिहिलेलं होतं की दोन्ही बाजूंच्या चाकांवर ठरावीक भार आलेला असावा, नाहीतर चाकं ठरावीक वेगाने फिरत असावीत. त्या दिवशी बाजूच्या वाऱ्याच्या अंदाजाने विमान एका बाजूला कलवून उतरवलं, दुसऱ्या बाजूच्या चाकावर भार आला नाही, आणि धावपट्टीवर साचलेल्या पाण्यावर चाकं नुसती घसरत गेली, फिरलीच नाहीत. विमान जमिनीवर होतं आणि सॉफ्टवेअरच्या व्याख्येने नव्हतं. सुमारे नऊ सेकंद गेले. विमान धावपट्टीच्या पलीकडच्या बांधावर आदळलं, दोन माणसं गेली. मागून वारा होता, वेग जास्त होता, ही कारणंही होतीच. पण सॉफ्टवेअरने स्पेसिफिकेशन, म्हणजे त्याने कसं वागायचं ते लिहिलेलं वर्णन, तंतोतंत पाळलं होतं. कितीही कडक सिद्धता केली असती तरी 'बरोबर' असंच उत्तर आलं असतं. म्हणून कोणी म्हणालं आमचं सॉफ्टवेअर गणिताने सिद्ध केलेलं आहे, की माझा पहिला प्रश्न असतो, काय सिद्ध केलंय ते वाक्य दाखवा.

आणि तिसरा प्रकार म्हणजे जिथे पक्ष नाही, साध्य नाही, काहीच लिहिलेलं नाही. थेरॅक-२५ हे रेडिएशन देणारं मशीन. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा रुग्णांना त्याने भयंकर जास्त डोस दिला, त्यातले काही दगावले. जुन्या मॉडेलमध्ये चुकीचा डोस अडवणारी हार्डवेअरची कुलपं होती, नव्या मॉडेलमध्ये ती काढून सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलं. जानेवारी १९८७ मधल्या, अमेरिकेतल्या याकिमा इथल्या अपघातामागची ओळ बघण्यासारखी आहे. 'अजून तपासायचं बाकी आहे' हे दाखवायला एक खूण होती, शून्य नसेल तर तपास, शून्य असेल तर तपासायची गरज नाही. ती खूण लावताना तिथे सरळ १ ठेवायच्या ऐवजी दर फेरीला १ मिळवला जायचा. खूण होती एका बाइटची, म्हणजे ८ बिटांची, त्यात २५५ पर्यंतच मावतं. म्हणजे दर २५६ व्या फेरीला ती शून्य व्हायची, आणि नेमकं त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबलं तर मशीनचे भाग जागेवर आहेत का हे न तपासताच किरण सुटायचे. माझ्या पंपाचीच चूक, पण पंपाच्या जागी टेबलावर झोपलेला माणूस. 'खूण अधिक १ नेहमी २५५ च्या आत राहते हे दाखव' हा प्रश्न आजचा कुठलाही प्रूव्हर पहिल्या मिनिटात विचारतो.

बी मेथडसारखं वरून खाली बांधत आणणं सगळ्यांना परवडत नाही. लाखो ओळींचा सी भाषेतला कोड आधीच लिहून झालेला असतो. तिथे वेगळी हत्यारं आहेत. एक म्हणजे कोड न चालवताच त्यातला प्रत्येक आकडा कुठपासून कुठपर्यंत जाऊ शकतो याच्या चौकटी काढत जायच्या. तापमान ० ते १००, त्याला दोनाने गुणलं, म्हणजे ० ते २००, एका बाइटला काही धोका नाही. तीनाने गुणलं तर ३०० पर्यंत जाऊ शकतं, थांबा, इथे घंटा वाजवा. चौकट खऱ्यापेक्षा थोडी मोठी निघाली तर चालते, उगाच एखादी खोटी घंटा वाजेल, पण खरा धोका कधी सुटत नाही. यामागचं गणित पॅट्रिक कुझो आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये मांडलं. त्यावर पॅरिसमध्ये बनलेल्या आस्त्रे नावाच्या टूलने नोव्हेंबर २००३ मध्ये एअरबस ए३४० च्या मुख्य उड्डाण नियंत्रणाचा १,३२,००० ओळींचा सी कोड त्या काळच्या साध्या पीसीवर १ तास २० मिनिटांत तपासला आणि त्यात शून्याने भागणं, आकडा न मावणं, ॲरेच्या, म्हणजे आकड्यांच्या यादीच्या, बाहेर जाणं यातलं काहीच होऊ शकत नाही असं सिद्ध केलं. एकही खोटी घंटा न वाजवता. मी ऑफिसमध्ये फुकटातली ॲनालायझर चालवतो तेव्हा इशाऱ्यांचा पाऊस पडतो, त्यामुळे हा शून्य काय चीज आहे ते मला चांगलं कळतं. अर्थात विमान योग्य दिशेला वळतं की नाही हे यात सिद्ध होत नाही, फक्त प्रोग्रॅम मध्येच कोलमडणार नाही एवढंच. साध्य लहान ठेवलं म्हणून सिद्धता आपोआप निघाली.

दुसरं हत्यार मॉडेल चेकर. तो सिस्टिमच्या सगळ्या शक्य अवस्था पद्धतशीर पालथ्या घालतो आणि साध्य मोडणारी वाट सापडली तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून देतो. ॲमेझॉनच्या इंजिनियरांनी जाहीरपणे लिहिलंय की त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डिझाइनमध्ये असा एक बग निघाला की त्याची सगळ्यात छोटी वाट ३५ पायऱ्यांची होती. माणसाने डोकं कितीही खाजवलं तरी ३५ पायऱ्यांचा योगायोग सुचणार नाही.

खर्चाचं बोलायलाच हवं, कारण लोक इथेच मागे फिरतात. एसइएल४ ही ऑस्ट्रेलियात बनलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे तिचा फक्त गाभा. सुमारे ८,७०० ओळी सी. तो कोड त्याच्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच वागतो हे २००९ मध्ये पूर्ण सिद्ध झालं, आणि त्यासाठी सिद्धतेच्या सुमारे २ लाख ओळी आणि एका माणसाची वीस वर्षं होतील एवढी मेहनत लागली, टूल बनवण्यासकट. कोडच्या एका ओळीमागे सिद्धतेच्या वीसहून जास्त ओळी. शॉपिंगच्या ॲपला हे कोणी करणार नाही आणि करूही नये. पण पन्नास वर्षं चालणाऱ्या मेट्रोला, जिथे एक बग सापडला तर अख्खी लाइन बंद ठेवून परत तपासणी करावी लागते, तिथे हिशोब वेगळा लागतो. आणि चिपच्या धंद्यात तर हिशोब पैशातच झाला: १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या, काही मोजक्या आकड्यांचा भागाकार किंचित चुकायचा, कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर इंटेलने आकडेमोडीच्या सर्किटसाठी सिद्धतेचा मार्ग जोरात धरला, इतका की पुढे कोअर आय७ च्या वेळी आकडेमोड करणाऱ्या गाभ्याच्या काही तपासण्या टेस्टिंग सोडून सिद्धतेवरच केल्या.

आपल्याकडेही हे काम चालतं, बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं एवढंच. आयआयटी मुंबईत अणुऊर्जा खात्याच्या मदतीने यासाठी खास केंद्र उभं राहिलं. आणि पुण्यात टीसीएसच्या संशोधन केंद्रात बनलेलं व्हेरिअॅब्स नावाचं टूल प्रोग्रॅम तपासणाऱ्या टूल्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या गटात पहिलं आलं. क्रिकेटच्या मानाने पेपरात ओळभरही नाही, पण मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

आता परत पंपाकडे. बग सापडल्यावर बऱ्याच दिवसांनी मी तो जुना कोड सीबीएमसी नावाच्या फुकट मिळणाऱ्या टूलला दिला, बघू तरी म्हटलं सापडतं का. कोडमध्ये अट अशी होती: आत्ताची वेळ ही शेवटच्या सिग्नलची वेळ अधिक १००० पेक्षा मोठी असेल तर सेन्सर मेला. मी तपासणीपुरतं एक कधीच न भरणारं ६४ बिटांचं घड्याळ शेजारी जोडलं आणि साध्य लिहिलं: 'मेला' म्हटलं असेल तर खऱ्या घड्याळात १००० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेलेला असला पाहिजे. एंटर मारलं आणि चहाचा कप उचलेपर्यंत उत्तर आलं. शेवटचा सिग्नल ४२९४९६६४०० ला, आत्ताची वेळ ४२९४९६६४०१. पहिल्या आकड्यात हजार मिळवले की ते ३२ बिटांत मावत नाहीत आणि उरतात १०४. आत्ताची वेळ १०४ पेक्षा मोठी, म्हणून सेन्सर मेला, एक मिलिसेकंदापूर्वी सिग्नल आलेला असताना. आम्ही ज्याच्यामागे पाच महिने फिरलो ते दोन आकड्यांत माझ्यासमोर होतं, मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

दुरुस्ती एका ओळीची: मिळवायचं नाही, वजा करायचं. आत्ताची वेळ वजा शेवटचा सिग्नल, ते हजारापेक्षा जास्त का, एवढंच. आकडा शून्यावर फिरला तरी वजाबाकी बरोबर येते. टूल म्हणालं, ठीक आहे. मग मी उलटं साध्य लिहिलं, जे खरं तर जास्त महत्त्वाचं, की सेन्सर खरंच मेला असेल तर कळलंच पाहिजे. आणि त्याने परत एक उदाहरण समोर टाकलं: शेवटच्या सिग्नलनंतर ४९ दिवस १७ तास या फंक्शनला कोणी हाकच मारली नाही आणि मग मारली, तर वजाबाकी परत लहान येते आणि मेलेला सेन्सर जिवंत दिसतो. आमचं फंक्शन दर १० मिलिसेकंदांनी चालतं, त्यामुळे असं व्हायचं कारण नाही. पण ते 'कारण नाही' आमच्या डोक्यात होतं, कोडमध्ये नव्हतं. आता त्या फाइलच्या पहिल्या ओळीत मराठीत कमेंट आहे, 'पक्ष: हे फंक्शन सेकंदातून एकदा तरी बोलावलं जातं', आणि तसं झालं नाही तर पंप थांबवणारा वेगळा वॉचडॉग, म्हणजे पहारा ठेवणारा टायमर, लावलेला आहे.